म्हस्कूचा मोकळा अंगठा

म्हस्कू टेंगलेच्या छातीवर साठ किलोचा बार आदळला, तेव्हा त्याच्या तोंडून ‘आई गं’ निघालं नाही की देवाचं नाव निघालं नाही. बाराखाली आडवा पडूनच तो नवलानं म्हणाला, “आरं, ह्यो सुटला कसा?”

ही शिरूर तालुक्यातल्या, कारखान्यांच्या सणसवाडीतली गोष्ट, १९९९च्या दिवाळीनंतरची. भाड्याच्या खोल्यांच्या रांगेमागं एक पत्र्याची शेड होती आणि तिला व्यायामशाळा म्हणायचं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आत एक बाकडं, दोन लोखंडी बार, न्हाव्यानं टाकून दिलेला तडकलेला आरसा आणि कुणा फौंड्रीवाल्यानं ओतून दिलेल्या चकत्या. चकत्यांवर ऑइलपेंटनं वजनं लिहिलेली. त्यातली ‘२०’ लिहिलेली चकती अठरापासून बावीसपर्यंत काहीही भरायची. त्यामुळं तिथं कुणी वजनाची फुशारकी मारली की लोक आधी विचारायचे, “कंच्या चकतीनं?”

म्हस्कूच्या छातीवरचा बार उचलला तो रामदरश यादवनं. हा लांब उत्तरेतल्या बलियाचा, म्हस्कूच्याच फोर्जिंग शॉपमध्ये तापलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर. आठ वर्षं सणसवाडीत राहून त्याची बोली अशी झाली होती की क्रियापदं बलियाची आणि शिव्या शिरूरच्या. त्याआधी तो लुधियानाला कुठल्याशा अखाड्यात वजनं उचलायचा, म्हणून शेडमध्ये तोच उस्ताद. त्यानं म्हस्कूला बसवलं, छाती चाचपली, काही मोडलं नाही याची खात्री केली आणि मग कानाखाली वाजवावी तशा आवाजात विचारलं, “अंगूठा किधर है तेरा?”

म्हस्कूनं दोन्ही अंगठे दाखवले. “हे काय, हायती की.”

“हाथ पे है वो दिख रहा है. बार पे कहाँ था?”

अंगठा बारावर नव्हताच. म्हस्कूनं बार चार बोटांच्या आकड्यात अडकवला होता आणि अंगठा बोटांच्या शेजारी पाव्हण्यासारखा नुसता टेकलेला. रामदरशनं समजावलं, की छातीवर वजन घेताना अंगठ्यानं बाराला विळखा घातलाच पाहिजे. नाहीतर बार तळव्यावरून घरंगळतो आणि खाली कोण झोपलाय ते बघत नाही. म्हस्कूला पटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं आठवणीनं विळखा घातला. वजन हातावर आलं आणि अंगठा आपला आपण उठून बोटांशेजारी जाऊन बसला. आठवडाभर हेच. रामदरशनं शेवटी सुतळीनं अंगठा बांधून पाहिला, तर सुतळी सैल करून अंगठा बाहेर.

“तू पहिले काम क्या करता था रे?” रामदरशनं कंटाळून विचारलं.

“मेंढरं व्हती आमची.”

“तो?”

म्हस्कूनं शेजारी बसलेल्या एकाला मेंढी करून दाखवलं. मेंढीला धरायचं ते डाव्या हातानं हनुवटीखाली आणि उजव्या हातानं मागल्या जांघेपाशी. लोकर ओढायची नाही. बोटांचा आकडा करायचा, आणि अंगठा रुतवायचा नाही. अंगठा रुतला की कातडीखाली रक्त साकळतं, मुकं जनावर दोन दिवस चरत नाही. म्हस्कू पाच वर्षांचा असल्यापासून त्याचा बाप, आण्णा, काठी घेऊन उभा असायचा. अंगठा वळला की अंगठ्यावर काठी. पंचवीस वर्षं तो अंगठा असाच मोकळा राहिला. पुढं पुढं म्हस्कू दोन बगलांत दोन मेंढ्या घेऊन भीमेच्या गुडघाभर पाण्यातनं पलीकडं जायचा, पण एकीच्याही अंगावर वळ दिसायचा नाही.

“हम भैंसवाले,” रामदरश म्हणाला, “तुम भेड़वाले. भैंस को दस अंगूठे लगाओ, उसको पता भी नहीं चलता.” आणि त्यानं म्हस्कूला त्या दिवसापुरतं घरी पाठवलं.

घर म्हणजे दहा बाय दहाची खोली आणि चार जण. खरं घर वडगाव रासाईच्या शिवारात, भीमेकडच्या वस्तीवर. तिथं आण्णा, बायको म्हाळसा, एक जर्सी गाय आणि दीड एकर ऊस. म्हस्कू गुरुवारच्या सुट्टीला शिक्रापूरला एसटी बदलून तिथं जायचा. एके काळी त्या वस्तीवर एकशेचाळीस मेंढरं होती. नदीचं पाणी मोटारींनी वर आलं, आजूबाजूचं सगळं रान उसानं हिरवं झालं, आणि त्या हिरव्यात मेंढराला पाय ठेवायला जागा राहिली नाही. ज्या पडीक माळावर आण्णा पोरपणापासून चारत आला, तिथं काकड्या आणि झेंडू लागला. चौऱ्याण्णव साली आण्णानं कळप मोडला. म्हस्कू त्या साली कंपनीत चिकटला.

तेव्हापासून मेंढरं कोंडायची वाघर, म्हणजे दोरीचं ते लांबलचक जाळं, गोठ्यातल्या खुंटीवर गुंडाळून लटकत होती. आण्णा दारात बसून टकळीसारख्या चातीवर सूत काढायचा. लोकर नव्हती, म्हणून बारदान उसवून त्याचा काथ्या पिळायचा. त्या सुतळीचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हाळसा तिच्यावर कपडे वाळत घालायची. तिच्याकडं एवढी दोरी झाली होती की अख्ख्या गावाचे कपडे वाळले असते.

म्हस्कूची तऱ्हा वेगळी. त्यानं घरच्या मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं खोलीवर आणलं होतं. पण खोलीतल्या तिघांनी वास येतो म्हणून कालवा केला, म्हणून त्यानं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारली. कामावरून आला की तो गाठ सोडायचा, पिशवीत तोंड घालायचा, चारदा श्वास घ्यायचा आणि पुन्हा गाठ मारायचा. खोलीतला बीडचा पोरगा म्हणायचा, “मामा, लोकं बाटली हुंगत्यात. तुमचं बरंय, ह्येला परमिट लागत न्हाई.”

तर अशा माणसाच्या हाती फेब्रुवारीत एक हँडबिल पडलं. सलूनमध्ये दाढी करताना न्हाव्यानं वस्तरा पुसायला घेतलं होतं, तेच. नदीपलीकडं, दौंडच्या हद्दीत, एका गावची चैत्रातली जत्रा. यंदा कुस्त्यांशिवाय ‘वजन उचलण्याच्या भव्य स्पर्धा’ होत्या. बार जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं, ज्याला शेडमधली पोरं डेडलिप म्हणायची. प्रथम क्रमांकास ढाल आणि एक जातिवंत मेंढा.

म्हस्कूनं अर्ध्या दाढीनं ते तीनदा वाचलं. “जातिवंत म्हंजी कंच्या जातीचा, त्ये न्हाई लिव्हलं,” तो म्हणाला.

“तुला कापून खायचा का पाळायचा?” न्हाव्यानं विचारलं.

म्हस्कूनं त्याच्याकडं असं पाहिलं की न्हाव्यानं उरलेली अर्धी दाढी तोंड न उघडता केली.

गुरुवारी त्यानं घरी सांगितलं. आण्णाची चाती थांबली. म्हाळसा भाकरी थापता थापता म्हणाली, “आन् येकला मेंढा आणून करायचं काय? त्यो काय अंडी घालनार हाय?”

“मेंढा आला की माघारी मेंढी येती.”

“कुठनं येती? आभाळातनं?”

आण्णानं चाती पुन्हा फिरवली, पण उलटी. सूत सगळं सुटलं.

स्पर्धेला दोन महिने होते. पाय आणि कंबर म्हस्कूला देवानं दिलेलीच होती. अडलं होतं ते हातापाशी. रामदरशनं त्याला पकडी शिकवायला घेतल्या. पहिली साधी पकड, दोन्ही पंजे आपल्याकडं. तिच्यात म्हस्कूचा बार एकशेचाळीस किलोला बोटांतून गळायला लागायचा, कारण अंगठा वेळेवर सुट्टीवर. दुसरी उलटसुलट पकड, एक पंजा आपल्याकडं आणि दुसरा बाहेर. तिच्यात बार घरंगळायला बघतो तो एका हातातून, तर दुसरा हात त्याला वेशीवरच अडवतो. डावा पंजा खालून घातला तेव्हा म्हस्कूनं एकशेसत्तर असं उचललं की तडकलेल्या आरशात तो स्वतःलाच ओळखेना.

पण दुसऱ्या दिवशी डावा कोपर वळेना. हॅमरखाली तापलेला तुकडा धरायची सांडशी म्हस्कू डाव्या हातानं पेलायचा. सहा वर्षांत तो कोपर आधीच कुरकुरत होता.

रामदरशनं कोपर दाबून पाहिला आणि हसणं बंद केलं. “देख भाई. जो हाथ नीचे से जाता है ना, उसका यहाँ का नस खिंचता है. थोडा भी कोहनी मुडा और झटका दिया, तो यहाँ से टूटेगा आणि इथं येऊन गोळा होईल.” त्यानं दंडावर मूठ ठेवून दाखवली. “लुधियाना में देखा मैंने. वो आदमी अब चाय का गिलास भी राइट हँड से उठाता है. तेरा लेफ्ट हँड कंपनी का है. ये उलटा पकड बंद.”

“मंग उजवा खालून घालतो.”

घालून पाहिला. डाव्या हातानं जेवल्यासारखं झालं. भाकरीची कोर तोंडाऐवजी कानात जावी, तसं.

राहिली तिसरी. तिच्यात दोन्ही पंजे आपल्याकडंच, पण अंगठा आधी बाराला चिकटवायचा आणि पहिली दोन बोटं त्या अंगठ्यावरून घट्ट मिटायची. म्हणजे अंगठा बार आणि बोटं यांच्यामध्ये चेचला जातो. बार हलायचं नाव काढत नाही, कोपर दोन्ही सरळ, सगळं सुरक्षित. फक्त अंगठा ओरडतो.

ती पकड ऐकून म्हस्कूचा चेहरा असा झाला, जसा काही कुणी त्याला मेंढीच्या अंगावर पाय द्यायला सांगितलंय.

“आण्णा बघत न्हाईत, हे येक बरं,” तो म्हणाला आणि अंगठा आत घातला.

पहिल्या आठवड्यात दोन्ही अंगठे वांग्याच्या रंगाचे झाले. कंपनीत पंचकार्ड धरवेना. सदऱ्याचं बटण बीडचा पोरगा लावून द्यायचा. रामदरशनं बारीकसारीक सांगितलं: बार तळव्यात नको, बोटांच्या मुळाशी घे, नाहीतर घट्टे सोलून निघतील, हलक्या वजनाला साधीच पकड धर, अंगठा फक्त जड डावाला चेचून घे, हात कोरडे ठेव. हात कोरडे ठेवायला शाळेचा खडू कुटून पूड केली होती. ती एकदा संपली तेव्हा म्हस्कूनं खंडोबाचं नाव घेऊन तळव्यांना भंडारा चोळला. हळदीनं बार पिवळा झाला, म्हस्कू पिवळा झाला आणि एकशेवीस किलो वजन त्याच्या हातातून नव्या नवरीसारखं सटकून गेलं.

“ये माथे पे लगाओ,” रामदरश म्हणाला, “भगवान वहाँ देखता है. हाथ पे चुना, खडू, कुछ भी. हाथ भगवान नहीं देखता, हाथ तेरे को देखना है.”

मार्चअखेर अंगठ्यांची कातडी चामड्यासारखी झाली आणि त्या पकडीत एकशेसाठ आलं. एकशेसत्तर मात्र येता येता राहायचं.

या दोन महिन्यांत म्हस्कूनं मेंढ्यासाठी काय काय केलं, ते विचारू नका. गोठ्यात जागा झाडून ठेवली. बाभळीच्या शेंगा पोत्यात भरून ठेवल्या. गळ्यात बांधायची घंटी आण्णाच्या पेटीतून काढली आणि चिंचेनं घासली. आण्णानं ती त्याच्या हातातून घेतली, हलवून ऐकली, आणि आतली लोळी जरा वाकवून दिली. “आता लांबनं आयकू यील,” एवढंच म्हणाला. सहा वर्षांत मेंढरांविषयी त्याच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य. म्हाळसानं त्या दिवशी मेंढ्याची चेष्टा बंद केली.

जत्रेच्या दिवशी म्हस्कू, रामदरश आणि म्हाळसा नावेतून पलीकडं गेले. आण्णा आला नाही. “मेंढा हितं आला की बघीन,” म्हणाला.

स्पर्धेचा बार गावच्या फॅब्रिकेशनवाल्यानं बनवला होता. जाड, गुळगुळीत, आणि जत्रा म्हणून कालच चंदेरी रंग दिलेला. पहिल्या तिघांचे हात चांदीचे झाले आणि बार जमिनीवर राहिला. रामदरशनं नदीची वाळू आणून बार घासायला घेतला तेव्हा स्पर्धेचे निवेदक बबनराव माईकवरून ओरडले, “ओ भय्ये, रंगाला हात लावू नका, नवीन हाय!” पण पंच म्हणून बसलेले पीटीचे निवृत्त मास्तर म्हणाले, “घासू द्या हो, नाहीतर बक्षीस पुढल्या साली द्यावं लागंल.”

मेंढा स्टेजच्या खांबाला बांधला होता. पांढरा, उंच, नाक पोपटासारखं, डोक्याला गुलाबी फेटा. म्हस्कू त्याच्याकडं गेला. हनुवटीखाली हात घातला, दात पाहिले, कान उलटा करून पाहिला. मेंढ्यानं त्याचा खिसा हुंगला.

“लई दिस झालं रं,” म्हस्कू त्याला म्हणाला. म्हाळसानं दुसरीकडं तोंड केलं.

एकेक गळत गेला आणि दोघंच राहिले. दुसरा होता निमोण्याचा सुदर्शन, फुलं आणि भाजीवाल्या घरचा बावीस वर्षांचा तगडा गडी, मार्केटला क्रेट चढवून चढवून खांदे झालेला. त्यानं उलटसुलट पकडीनं एकशेपासष्ट उचललं. आता म्हस्कूला एकशेसत्तर पाहिजे होतं आणि एकच डाव शिल्लक होता.

“पैलवान,” सुदर्शन मोकळेपणानं हसला, “सोडा आता. पोरं मसाला घिऊन आल्यात. मेंढ्याचं उद्या रस्सा-मटण.”

म्हस्कू बाराजवळ जाऊन वाकला आणि तिथंच थांबला. डावा पंजा नकळत खालून गेला. उलट्या पकडीनं एकशेसत्तर त्यानं एकदा उचललंच होतं, हाताला माहीत होतं. अंगठ्याच्या पकडीनं एकदाही नाही.

“म्हस्कू!” मागून रामदरश. “लेफ्ट निकाल!”

“येकदाच, उस्ताद.”

“एक बार में ही टूटता है!”

म्हाळसा पुढं आली होती. ती ओरडली नाही. जवळ येऊन म्हणाली, “हात मोडल्याव त्या मेंढ्याला धरनार कशानं? पायानं?”

म्हस्कूनं डावा पंजा फिरवला. दोन्ही अंगठे बाराला लावले, त्यांच्यावर बोटं मिटली, आणि उचललं. बार घोट्यापासून निघाला, नडगीला घासत गुडघ्यापाशी आला, तिथं जरा विचार करत थांबला आणि वर आला. म्हस्कू ताठ झाला. आता मास्तरांनी वर धरलेला हात खाली केला की संपलं, तोवर बार सोडायचा नाही.

आणि नेमकं तेव्हाच जीप आली. बबनराव माईकवर एकदम दुसऱ्याच सुरात गेले, “आत्ताच आपल्यामधी पंचायत समितीचे माजी सभापती यांचं आगमन झालेलं हाय. मी त्यांना इनंती करतो की त्यांनी इचारमंचावर यावं. त्यांचा सत्कार आपले मास्तर शाल, श्रीफळ आन् हार देऊन करतील.” आयुष्यभर झेंडावंदनाला उभे राहिलेले मास्तर सवयीनं सत्काराला उभे राहिले. एक हात वर तसाच. दुसऱ्या हातात कुणीतरी नारळ दिला.

एकशेसत्तर किलो म्हस्कूच्या हातात.

“मास्तर, हात! हात खाली!” म्हाळसा ओरडली. “मास्तर!” रामदरश ओरडला. सगळी जत्रा ओरडली. मास्तरांना वाटलं टाळ्या पडताहेत, त्यांनी हसून हात आणखी वर केला. म्हस्कूची मान लाल, मग जांभळी झाली. अंगठ्याच्या नखाखालून रक्त आलं आणि घासलेल्या बारावर एक थेंब उतरला. बार मात्र सुताएवढाही सरकला नाही. शेवटी सुदर्शननंच स्टेजवर उडी मारली, मास्तरांचा हात धरला आणि खाली ओढला.

“झालं की ओ!” तो म्हणाला. “मेला की त्यो!”

म्हस्कूनं बार खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला. मेंढा तोवर सभापतींचा हार अर्धा खाऊन बसला होता.

नावाड्यानं मेंढा नावेत घ्यायला खळखळ केली, पण घेतला. पलीकडं काठावर आण्णा येऊन उभा होता, पागोटं बांधून. त्यानं ढालीकडं पाहिलंही नाही. मेंढ्याचे दात पाहिले, पाठीवरून उलटा हात फिरवला, खुराला चिकटलेला चिखल नखानं काढला. “माडग्याळ जातीचा हाय,” म्हणाला. “आपल्या काळ्या मेंढरांवानी न्हवं. पर हाय चांगला.” आणि घंटी त्यानं स्वतः बांधली.

पहिला आठवडा वस्तीवर सणासारखा गेला. म्हस्कूला ते गुरुवारी घरी आल्यावर कळलं. दुसऱ्या आठवड्यात मेंढा उसाच्या वाढ्याला, म्हणजे हिरव्या शेंड्याला, तोंड लावेना. जर्सी गायीशेजारी तो असा उभा राहायचा, जसा कुणी परगावच्या स्टँडवर चुकून उतरलाय. आण्णा त्याला पाटाच्या चारीच्या बांधानं न्यायचा, तर पलीकडून हाक यायची, “आण्णा, मिरच्यांत घालू नगा!” अलीकडून यायची, “आण्णा, ठिबकाची नळी!” ज्या रानात आण्णानं एकशेचाळीस मेंढरं फिरवली, तिथं एकाला जागा नव्हती. मेंढा बांधावर उभा राहून तोंड वर करून ओरडायचा आणि थांबून ऐकायचा. पुन्हा ओरडायचा, पुन्हा ऐकायचा.

तिसऱ्या गुरुवारी म्हस्कू गेला तेव्हा आण्णा म्हणाला, “ह्येला कळप पायजे. आपून दोघं बाप-ल्योक काय कळप न्हवं.”

“मेंढ्या बघू की, आण्णा. दोन-चार.”

“आन् चारनार कोन? तू गुरवारी? मी बांधावर शिव्या खात?”

म्हस्कू ढालीकडं बघत बसला. ढालीवर दौंडच्या कुणा दुकानाचं नाव ढालीपेक्षा मोठं होतं.

आदल्याच दिवशी शेजारच्या गव्हाच्या मोकळ्या रानात एक वाडा उतरला होता. कोकणातून परत पारनेरकडं निघालेले मेंढपाळ, तीन कुटुंबं, चारशे मेंढरं, दोन घोडी. रानाला खत मिळावं म्हणून शेतकऱ्यानं कळप दोन मुक्काम बसवला होता. मेंढ्याला ते आण्णाच्या आधी कळलं होतं. दावं तुटायला आलं होतं.

वाड्यातली थोरली बाई साखरबाई चुलीशी बसली होती. आण्णानं मेंढा तिच्यापुढं उभा केला. ती उठली, तिनंही आधी दातच पाहिले.

“इकायचा?”

“न्हाई. कळपात सोडा. परत मागनार न्हाई.”

तिनं आण्णाकडं पाहिलं, मग म्हस्कूकडं, मग म्हस्कूच्या काळ्या पडलेल्या अंगठ्यांकडं. “नाव काय ठिवलंय?”

“न्हाई ठिवलं,” आण्णा म्हणाला. “नाव ठिवलं आसतं तर दिला नसता.”

दावं म्हस्कूनं सोडलं. मेंढा दोन पावलं चालला, मग पळाला, आणि त्या काळ्या-पांढऱ्या दाटीत शिरला. थोडा वेळ घंटी वेगळी ऐकू आली. मग इतर घंट्यांत मिसळली.

शुक्रवारी सकाळी वाडा हलला. घोड्यांवर संसार, संसारावर कोंबड्या, पिशवीत दोन दिवसांची कोकरं, फक्त तोंडं बाहेर. म्हस्कूची दुपारची पाळी होती, अकराची एसटी होती. तो म्हाळसाला म्हणाला, “चारीपातूर जाऊन येतो.”

“जावा की,” म्हाळसा म्हणाली आणि एक फडकं त्याच्या हातात दिलं. त्यात सात भाकरी आणि ठेचा होता. चारी तीनशे पावलांवर होती.

चारीपाशी म्हस्कू थांबला. कळप पुढं गेला तसा तोही पुढं गेला. “त्या लिंबापातूर येतो,” तो साखरबाईला म्हणाला. लिंबापाशी तो म्हणाला, “वढा उतरून देतो, पान्याला वढ हाय.” ओढ्यापलीकडं एक लंगडी मेंढी मागं राहत होती. म्हस्कूनं तिच्या हनुवटीखाली हात घातला, दुसरा पोटाखाली, आणि खांद्यावर घेतली. मग तो कळपाबरोबर चालतच राहिला. साखरबाईनं परत कुठपर्यंत येणार ते विचारलं नाही. नुसती म्हणाली, “पायताणं काडा, बाबा. त्या बुटांनी पाय सोलतील.”

रविवारी दुपारच्या पाळीला तो कंपनीच्या गेटवर उभा होता, अनवाणी, बूट गळ्यात बांधून. टाइमकीपरनं रजेचा अर्ज पुढं सरकवला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं हे म्हस्कूला सुचेना. मागं रामदरश उभा होता, तो म्हणाला, “लिख दे, घरगुती काम.” म्हस्कूनं लिहिलं.

“घरगुती म्हणजे नक्की काय?” टाइमकीपरनं विचारलं. “लग्न? मयत? आजारपण?”

रांग मागं वाढत होती.

“चालायचं व्हतं, साहेब,” म्हस्कू म्हणाला.

टाइमकीपरनं त्याच्या पायांकडं पाहिलं, सही केली आणि पुढच्याला हाक मारली.